‘उत्साह’ हा एकच अर्थ पुरेसा नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शनिवारच्या पुरवणीतल्या इंग्रजी शब्दसंग्रहाच्या सदरात ‘व्यक्तिमत्त्व आणि उत्साह’ या मथळ्याखाली एक तक्ता आला आहे. डाव्या रकान्यात झेस्ट, व्हिम, पेप, व्हर्व्ह, गस्टो, स्पंक, मॉक्सी, पनॅश, पिझॅझ असे शब्द आणि उजव्या रकान्यात त्यांचे अर्थ: उत्साह, जोम, उत्साह, चैतन्य, जोश, उत्साह... त्याखाली करिझ्मा, ग्लॅमर, चार्म, अल्युअर, आणि या सगळ्यांसमोर मिळून एकच शब्द, ‘आकर्षण’. नोकरीच्या अर्जासाठी आणि मुलाखतीसाठी हे शब्द पाठ करावेत, अशी सूचनाही शेवटी दिलेली आहे.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही मुलं आपले अर्ज तपासायला माझ्याकडे घेऊन येतात. त्या अर्जांमध्ये हे असे तक्ते मला जसेच्या तसे भेटतात. शब्दकोशात पाहिलं तर आपण दिलेला एकही अर्थ धडधडीत चूक ठरणार नाही. पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोणता शब्द कोणी, कोणाबद्दल आणि कुठे म्हणायचा, हे ज्याला माहीत नाही त्याला तो शब्द आला असं मी मानत नाही. मुलं हे पाठ करून मुलाखतीला जातात आणि समोरचा माणूस का हसला हे त्यांना कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवात करिझ्मापासून करते. ‘आय ॲम अ करिझ्मॅटिक पर्सन’ हे वाक्य मी कितीतरी अर्जांमधून खोडलेलं आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही खोट नाही, तरीही इंग्रजीत वाढलेला माणूस ते स्वतःबद्दल म्हणत नाही. ग्रीक भाषेत ‘खारिस’ म्हणजे कृपा आणि ‘खारिझ्मा’ म्हणजे कृपेने लाभलेलं देणं. नव्या करारात सेंट पॉल यांनी करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात आजार बरे करण्याच्या शक्तीसारख्या ईश्वरी देणग्यांसाठी हा शब्द येतो. या शब्दाला धर्मशास्त्रातून उचलून राजकारणाच्या चर्चेत आणलं ते जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी. लोक सत्ता का मानतात, याचे त्यांनी तीन आधार सांगितले: परंपरा, कायदा आणि करिझ्मा. वेबर १९२० मध्ये वारले, त्यांचं हे लेखन त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं आणि इंग्रजी वृत्तपत्रांच्या रोजच्या भाषेत हा शब्द रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. वेबर यांच्या मांडणीत एक गोष्ट निर्णायक आहे. नेत्याच्या अंगी असामान्य गुण आहे असं अनुयायी मानतात, तोवरच त्याचा करिझ्मा टिकतो. मानणारे पांगले की तोही जातो. दुसऱ्यांनी मानल्याखेरीज जो गुण अस्तित्वातच येत नाही, तो अर्जाच्या पहिल्या ओळीत आपणच कसा जाहीर करायचा?

याच शब्दावरून वर्तमानपत्रांना आणखी एक सांगायचं आहे. ‘नेत्याचा करिश्मा ओसरला’ असं मराठीत सर्रास छापलं जातं आणि हा इंग्रजी करिझ्माच आहे असा बहुतेकांचा समज असतो. ‘करिश्मा’ आपल्याकडे आला तो फारसीतून. तिथे त्याचा अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा, लाडिक हावभाव. उर्दू-हिंदीत त्याला चमत्काराचा अर्थ चढला. ग्रीक शब्दाशी त्याचं काहीही नातं नाही. उच्चार जवळचे म्हणून एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटला. तो आता रुळला आहे आणि तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण शब्दसंग्रहाच्या सदरात तरी ही हकिकत यायला हवी होती. एका ओळीत मुलांना दोन शब्दांची खरी ओळख झाली असती, आणि अशा गोष्टी मुलं विसरत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

आजच्या मुलांच्या तोंडी तर ‘रिझ’ आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२३ सालचा शब्द म्हणून त्याची निवड केली. करिझ्माचं डोकं आणि शेपूट छाटून मधला तुकडा ठेवला की रिझ उरतो, जसा इन्फ्लुएंझामधून फ्लू आणि रेफ्रिजरेटरमधून फ्रिज उरला. आपल्या कानाला त्यात ‘रिझवणे’ ऐकू येतं. तो निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला उपयोगी. समोरच्याला, विशेषतः प्रेमाच्या मामल्यात, बोलण्या-वागण्याने आपल्याकडे ओढून घेण्याची हातोटी म्हणजे रिझ. मित्रांमध्ये हा शब्द शोभतो. अर्जात करिझ्मा आढ्यतेचा वाटतो, रिझ पोरकट वाटेल.

आकर्षणाच्या रकान्यातले बाकीचे शब्द पाहा. त्यांची मुळं शोधत गेलं की आपण थेट मंत्रतंत्राच्या प्रदेशात पोहोचतो. चार्म हा लॅटिन ‘कार्मेन’पासून आला, कार्मेन म्हणजे गाणं, आणि म्हणून मंत्रही. एन्चांटमध्येही मंत्र म्हणणंच आहे. फॅसिनेटच्या मुळाशी ‘फॅसिनम’ म्हणजे चेटूक. साप आपल्या भक्ष्याला नुसत्या नजरेने जागच्या जागी खिळवतो अशी समजूत होती, त्यासाठी इंग्रजीत हेच क्रियापद वापरत. प्रेस्टिज हा आज प्रतिष्ठेचा शब्द, पण सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता हातचलाखी, डोळ्यांना पाडलेली भूल. अल्युअर मात्र शिकारीतला आहे. ससाण्याला परत हातावर बोलावण्यासाठी पिसांचं जे आमिष फिरवत, ते ‘लुअर’.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त आवडते ती ग्लॅमरची गोष्ट. वर्गात ती सांगितली की शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करत. ग्लॅमर आणि ग्रामर हे मुळात एकच शब्द आहेत. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिनचं ज्ञान, विद्वत्ता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पोथी वाचणारा माणूस जादूगारच वाटे, आणि विद्येत गूढविद्याही धरली जाई. स्कॉटलंडमध्ये ‘र’चा ‘ल’ होऊन ग्लॅमर झालं आणि त्याचा अर्थ उरला जादू, नजरबंदी. एखाद्यावर ‘ग्लॅमर टाकायचं’ म्हणजे जे नाही ते त्याला दिसायला लावायचं. वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनातून तो इंग्लंडभर पसरला. रुपेरी पडद्याने त्याला आजचा अर्थ दिला. ग्लॅमरस म्हणताना आजही त्यात दिसण्याचा, झगमगाटाचा आणि थोड्या फसव्या अंतराचा भाग असतो. ग्लॅमर लांबून पाहायचं. चार्मचा अनुभव मात्र माणूस जवळ आल्यावर, बोलू लागल्यावर येतो. शेजारी बसून आपली विचारपूस करणाऱ्या साध्या चेहऱ्याच्या माणसाजवळ भरपूर चार्म असू शकतो. त्याला ग्लॅमरस म्हटलं तर तो गोंधळून जाईल. दोन्हीसमोर ‘आकर्षण’ लिहून हा फरक कसा कळणार?

आणि मराठीला हा फरक अनोळखी नाही. भुरळ पडते, मोहिनी घातली जाते, माणसं भारली जातात, कोणी कोणावर छाप पाडतो, कोणी लाघवी असतो. भुरळ आणि मोहिनी हे शब्द आपल्याकडेही मंत्रतंत्रातूनच आलेले. ग्लॅमरच्या जुन्या अर्थासमोर भुरळ लिहा, चार्मसमोर लाघव. मुलांना काही समजावून सांगावंही लागणार नाही.

याच ओळीत मेस्मराइझ घालायला हवा होता. फ्रान्झ मेस्मर हे डॉक्टर. व्हिएन्नाहून ते १७७८ मध्ये पॅरिसला आले आणि माणसांच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो असं सांगून उपचार करू लागले. श्रीमंतांची रीघ लागली. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए होते. द्रव काही सापडला नाही, परिणाम रुग्णांच्या कल्पनेचा आहे असा निष्कर्ष निघाला. तरी भाषेत मेस्मर राहिले, आणि ‘मॅग्नेटिक पर्सनॅलिटी’मधलं ते चुंबकही राहिलं. त्याच सुमारास बोलोन्यात लुइजी गॅल्व्हानी बेडकांच्या पायांवर विजेचे प्रयोग करत होते. १७९१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाचा पाय विजेने झटकन उडतो, त्यावरून गॅल्व्हनाइझ. म्हणून निपचित पडलेल्या संघटनेला कोणी खडबडून जागं केलं तर ‘गॅल्व्हनाइझ्ड’ शोभतं. आधीच उत्साहात असलेल्यांना गॅल्व्हनाइझ करता येत नाही.

उत्साहाच्या शब्दांकडे वळते. झेस्ट म्हणजे मुळात संत्र्या-लिंबाची किसलेली साल. पदार्थाला अखेरीस जी तरतरी येते ती. पेप हे पेपरचं, म्हणजे मिरीचं, अमेरिकन लघुरूप. गस्टो इटालियन, अर्थ चव. हे तिन्ही जिभेवरचे शब्द आहेत आणि इंग्रजीत त्यांच्या वापरातही ती चव शिल्लक आहे: एखादी गोष्ट गस्टोने करायची म्हणजे तिचा आस्वाद घेत, मिटक्या मारत करायची. इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिट यांनी १८१६ मध्ये या एका शब्दावर निबंध लिहिला आणि इटालियन चित्रकार टिशियनच्या रंगांत गस्टो आहे असं म्हटलं, कारण त्याने रंगवलेलं अंग नुसतं दिसत नाही, ते जिवंत वाटतं. रडतखडत केलेल्या कामात जिद्द असेल, कष्ट असतील, गस्टो नसतो.

व्हर्व्ह फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘शब्द’च आहेत, म्हणून लेखन, वादन, नृत्य अशा कलाविष्काराला तो जास्त शोभतो. ब्रिओ संगीतातला: बीथोवनच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागावर ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’, म्हणजे जलद आणि जोशात, अशी सूचना आहे. एलानमध्ये भाला फेकण्याची क्रिया आहे. आणि पनॅश म्हणजे शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९० मध्ये इव्ह्रीच्या लढाईत आपल्या शिरस्त्राणावरच्या पांढऱ्या तुऱ्यामागे या असं सैनिकांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. १८९७ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या ‘सिरानो द बर्जराक’ या नाटकात मरणाऱ्या नायकाच्या ओठांवरचा शेवटचा शब्द पनॅश हाच आहे, आणि इंग्रजीत त्याचा आजचा अर्थ आला तो याच नाटकाच्या भाषांतरातून. म्हणजे पनॅशमध्ये शौर्याबरोबर ऐट हवी, डौल हवा, चारचौघांनी पाहावं असं काही हवं. तक्त्यात त्यासमोर ‘जोश’ आहे. ‘रुबाब’ किंवा ‘ऐट’ लिहिलं असतं तर निम्मं काम झालं असतं.

काही शब्द जुने झाले आहेत हेही सांगायला हवं होतं. मॉक्सी हे एका अमेरिकन पेयाचं नाव. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथे ऑगस्टिन थॉम्प्सन यांनी मज्जातंतूंसाठीचं टॉनिक म्हणून ते विकायला काढलं, पुढे त्याचं शीतपेय झालं, आणि जाहिरातींच्या जोरावर मॉक्सी म्हणजे हिंमत असा अर्थ पसरला. अमेरिकेबाहेर आजही तो फारसा ऐकू येत नाही. पिझॅझ १९३७ मध्ये एका अमेरिकन फॅशन मासिकात झळकला. तो पोशाख, नाचगाणी, सजावट यांना लागतो. ऊम्फ चित्रपटांच्या जाहिरातीतून घरोघरी गेला, १९३९ मध्ये ॲन शेरिडनला ‘ऊम्फ गर्ल’ असं नाव देण्यात आलं तेव्हा. स्वतः तिला ते मुळीच आवडत नसे. यातलं काहीही बँकेच्या अर्जात लिहिण्याजोगं नाही.

स्पंकबद्दल मात्र मला गंभीरपणे लिहायचं आहे. मूळ अर्थ ठिणगी झेलणारं वाळकं लाकूड. तिथून धमक, हिंमत. अमेरिकेत तो आजही या अर्थाने चालतो. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाला उघडउघड अश्लील अर्थ आहे, आणि तिथला कोणताही तरुण आधी तोच अर्थ घेतो. एखादी मुलगी ब्रिटिश कंपनीच्या मुलाखतीत, आपल्या तक्त्यावर विश्वास ठेवून, ‘माझ्यात भरपूर स्पंक आहे’ म्हणाली तर तिची काय अवस्था होईल, याचा विचार तक्ता करणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही. हा शब्द कृपया पुढच्या अंकात दुरुस्तीसह मागे घ्यावा. त्याच्या जागी मेटल द्यावा. धातूचा मेटल आणि हिमतीचा मेटल मुळात एकच, फक्त स्पेलिंग वेगळं झालं. माणूस कोणत्या धातूचा बनला आहे हे कसोटीच्या वेळी दिसतं, तो अर्थ.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, ते. हे शब्द सर्वांसाठी सारखे नाहीत. व्हायव्हेशस, म्हणजे चैतन्याने सळसळणारी, असं इंग्रजीत जवळजवळ नेहमी स्त्रीबद्दल म्हणतात. पुरुषाबद्दल म्हटलं तर वाचणारा अडखळतो. बबली तर मुलींच्या माथी मारलेलाच शब्द. तसाच कामाचा झपाटा पुरुषाने दाखवला की तो डायनॅमिक होतो. म्हाताऱ्यांसाठी स्प्राय आणि स्प्राइटली राखून ठेवले आहेत. पंचविशीतल्या मुलाला कोणी स्प्राय म्हणत नाही. ‘या वयात सुद्धा’ हे त्या शब्दात न बोलता आलेलं असतं. आणि फीस्टी! एका समारंभात माझी ओळख करून देताना एका तरुण निवेदकाने मोठ्या प्रेमाने मला फीस्टी म्हटलं. त्याच्या मनात कौतुकच होतं, हे मला समजलं. पण फीस्ट म्हणजे भुंकणारं छोटं कुत्रं, आणि त्याच्याही मागे जुन्या इंग्रजीत अशा कुत्र्याच्या दुर्गंधीवरून दिलेली शिवी आहे. आज तो शिवी नाही, हे खरं. मात्र तो कोणाला लावला जातो ते पाहा: ठेंगण्या बायका, म्हाताऱ्या, लहान संघ, दुबळा पक्ष. ज्याच्याकडून लढण्याची अपेक्षाच नव्हती, तो लढला की फीस्टी. धिप्पाड सेनापतीला कोणी फीस्टी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. आयुष्यभर ठाम बोलणाऱ्या बाईला मराठीत आपण करारी म्हणतो, बाणेदार म्हणतो. त्या शब्दांत तिची उंची कमी होत नाही.

शब्दांचं वजन काळानेही बदलतं. एन्थुझिॲझम हा आज अर्जातला सर्वांत निरुपद्रवी शब्द. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अंगात देव येणं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तो चक्क दूषण होता, धर्मवेडाचा आरोप. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या १७०० च्या आवृत्तीत त्याविरुद्ध स्वतंत्र प्रकरण घातलं, सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात ईश्वराने फक्त आपल्यालाच काही कळवलं आहे अशी पोकळ समजूत, या आशयाचा अर्थ आहे, आणि मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांना लोक याच शब्दाने हिणवत. जुनं इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्याने तिथे ‘उत्साह’ घातला तर सगळं वाक्यच उलटं होईल.

जाता जाता अर्थविषयक पानाबद्दल एक. ‘ॲनिमल स्पिरिट्स’चं भाषांतर ‘पशुवृत्ती’ असं केलेलं मी वाचलं आहे. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये हा शब्दप्रयोग वापरला तो हिशेब मांडत न बसता काहीतरी करून टाकण्याच्या माणसाच्या उपजत ऊर्मीसाठी. त्यातल्या ‘ॲनिमल’चा पशूंशी संबंध नाही, लॅटिन ‘ॲनिमा’ म्हणजे श्वास, प्राण. धंद्यातली उमेद, धडाडी असं लिहिलं तर कोणत्याही व्यापाऱ्याला कळेल.

माझी विनंती अशी. शब्द कमी द्या, आठवड्याला चार पुरेत. प्रत्येकासमोर अर्थाच्या जोडीला तो कोणाबद्दल म्हणतात याचा एक रकाना ठेवा, स्वतःबद्दल म्हणता येतो की नाही ते लिहा, आणि एक पूर्ण वाक्य द्या. मराठी प्रतिशब्द देताना उत्साहावर सगळा भार टाकू नका. तरतरी, हुरूप, उमेद, तडफ, धमक, रग, धडाडी, डौल, रुबाब, लाघव हे सगळे शब्द आपल्याजवळ आहेत आणि त्यांच्यातही असाच फरक आहे. अर्जासाठी मुलांना काय सुचवावं असं विचाराल, तर मी त्यांना विशेषणं खोडून केलेलं काम लिहायला सांगते: वाचनालय बंद पडत होतं, मी दहा मित्र जमवले, ते पुन्हा सुरू केलं. वाचणारा मनातल्या मनात त्याला हवा तो शब्द देतो.

असा सुधारित तक्ता तयार करून द्यायला मी आनंदाने तयार आहे. मोबदला नको. स्पंकची दुरुस्ती मात्र येत्या शनिवारीच छापावी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका